शियाचे आठ डबे

१

इद्रिसुसाहेबांनी आठव्या डब्यात काडी खुपसली, वर काढली, नाकाशी धरली आणि आमच्यापैकी कुणाकडेही न बघता ती रुमालाला पुसली.

"हाही आंबट."

शियाच्या बियांचं लोणी काढणाऱ्या आम्ही बावीस बायका कडुलिंबाखाली बसलो होतो. पाठीवर बांधलेली माझी लेक तियुंबा झोपेत हुंकारली.

"मागच्या आठवड्यात नमुना नेला, त्यात मोकळं आम्ल शंभरात दहा निघालं," साहेब म्हणाले. "आम्हाला तीनपर्यंत चालतं. म्हटलं, एखादा डबा बिघडला असेल. पण आठही तसेच! मागाझिया, तुमचं लोणी मी आजवर डोळे मिटून उचललं हो."

मागाझिया म्हणजे आमच्या गटाची प्रमुख, माझी अझारा आत्या. तिनं प्रमुखपणाची ओढणी सावरली आणि खाली मातीकडे पाहिलं.

"हे कुणी केलं ते शुक्रवारच्या नमाजानंतर मला कळवा. ती बाई या कामात पुन्हा दिसायला नको. नाहीतर पुढच्या वर्षी माझा ट्रक कुलायिलीच्या रस्त्याला वळणार नाही."

"शोधायला कशाला हवं?" झेनाबू उठलीच. बाजारात लोणी विकून विकून तिचा आवाज असा झालाय की शेजारच्या गावात ऐकू जावा. "बिया मी भाजल्या, त्या सगळ्यांसमोर. पुढं लोणी घुसळलं कुणी? उकळलं कुणी? दोन दिवस आपल्या खोलीत कुलपात ठेवलं कुणी?"

सगळ्यांच्या माना वळल्या. लमिसी दोन्ही मुलींना कुशीत घेऊन कडेला बसली होती. ती दूर गारूकडची. नवरा जाऊन दोन वर्षं झाली. गटातलं काम आहे म्हणून दिरांनी एक खोली राहू दिली होती, आणि ते स्वच्छ सांगून चुकले होते: काम सुटलं तर तिनं गारूला परत जावं, मुली मात्र आमच्या घरच्या आहेत, त्या इथंच राहतील.

म्हणजे आठ डब्यांचा निकाल लागायचा नव्हता. लमिसीच्या लेकी तिच्याकडे राहतात की नाही, याचा लागायचा होता.

"तुमच्यात तमाले शहरातल्या प्रयोगशाळेतली मुलगी आहे की," साहेब गाडीत बसता बसता म्हणाले. "तिला तपासू द्या."

वीस जणी माझ्याकडे बघायला लागल्या. आत्यानं तेवढं पाहिलं नाही.

२

मी तेलं तपासते, हे खरं. पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे माहेरी येतात आणि मूल चालायला लागेपर्यंत राहतात. माझं माहेर म्हणजे आत्याचं घर. भावाची मुलगी आत्यानं वाढवायची, या रिवाजानं मी तीन वर्षांची असताना तिच्याकडे आले आणि तिचीच झाले. तियुंबाला आता सहा महिने होत आले होते. शेजारच्या गावच्या शाळेतून मी थोडी काचेची भांडी आणि बाटल्या मागून आणल्या, आणि बाळ झोपलं की तेवढ्या वेळात काम करू लागले. तपासनीस बाईच्या पदराला दुधाचा वास, अशी ती तपासणी.

पहिल्यांदा लमिसीकडे गेले.

"ये. बस. बाळाला इकडे दे, तुझी पाठ सुटी होऊ दे जरा," ती म्हणाली. तियुंबा तिच्याकडे गेली आणि तिच्या कानातलं ओढू लागली.

"लमिसी, घुसळायला पाणी कुठलं घेतलंस?"

"बोअरचं. हापसा बंद पडला होता तो त्याच्या आदल्या आठवड्यात."

"घरातलं जुनं लोणी मिसळलंस?"

"नाही."

"डबे कुणी बदलले असतील?"

"किल्ली माझ्या कमरेला होती, शेतू. अंघोळीलासुद्धा काढली नाही." तिनं तियुंबाच्या मुठीतून कानातलं सोडवलं. "मी काही केलेलं नाही. ऐकलंस ना? मग झालं की."

"आधी तपासते," मी म्हणाले.

ती हसली. "तपास बाई. तुझ्या बाटलीला माणूस कुठल्या गावचा ते कळत नाही, एवढं तरी बरं आहे."

कोपऱ्यात वाळक्या भोपळ्याचं लहानसं भांडं होतं, त्यात मूठभर लोणी. घुसळणाऱ्या बाईनं उकळलेल्या लोण्यातली पहिली मूठ आपल्या लेकरांच्या टाळूसाठी घरी न्यायची, ही आमची रीत आहे. ती मूठ कुणी मोजत नाही. लमिसीनं मला त्यातलं बोटभर दिलं. वास घेतला. त्यालाही तोच आंबूस वास होता.

"काय गं?" तिनं विचारलं.

मी ते बोटभर लोणी पानात गुंडाळलं आणि तियुंबाला पुन्हा पाठीवर बांधलं.

३

झेनाबू बाजारात होती. तिच्यापुढं लोण्याच्या गोळ्यांची रास, आणि त्यावर माश्या बसू नयेत म्हणून ओलं फडकं.

"आलीस? मला वाटलंच. चांगलं लोणी चोरून मीच विकलं, असं म्हणायला आलीस ना? घे, यातला कुठलाही गोळा घे. वाटलं तर मलाही बाटलीत घाल."

"तू मावणार नाहीस बाटलीत."

"मेली! बाळंतपणानं जीभ चांगली सुटली तुझी." ती खदखदून हसली, मग तिनं आवाज खाली आणला. "हे बघ, त्या पोरीचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही. पण कुणीतरी केलंच ना? बिया भाजताना मी हजर होते. करपल्या नाहीत, कच्च्या राहिल्या नाहीत."

"बियाच वाईट असतील तर?"

"त्या बिया?" झेनाबूनं कानाला हात लावला. "तुझ्या आत्याच्या आहेत त्या. निर्यातीच्या डब्यांना दुसऱ्या कुणाच्या घेतच नाही आपण. जूनमध्ये आठ दिवस तिच्या अंगणातून वाफ निघत होती. पहाटे सुरू व्हायची ती संध्याकाळपर्यंत. आम्ही रानातून टोपल्या घेऊन येताना बघायचो आणि म्हणायचो, म्हातारीचा दम बघा, घरात बाळंतीण आहे, तरी वेचलेल्या बिया त्याच दिवशी उकळते. विचार कुणालाही. सगळ्या गावानं पाहिलंय."

मी विचारलं. सात जणींना विचारलं. सातही जणींनी वाफ पाहिली होती.

४

आता बाटल्यांनी काय सांगितलं ते सांगते.

शियाच्या बीमध्ये निम्म्याच्या आसपास तेलच असतं. त्यात मुख्य स्निग्धाम्लं दोन. स्टिअरिक घट्ट असतं, त्यानं लोणी सावलीत थिजतं. ओलेइक पातळ, त्यामुळे ते तळहातावर वितळतं. ही आम्लं तीन-तीनच्या जुडीत बांधलेली असली की लोणी गोड लागतं. म्हणूनच आम्ही ते बाजरीच्या पेजेत घालतो, बाळंतिणीला खायला देतो, बाळाच्या अंगाला चोळतो. जुडी सुटली की आम्ल मोकळं होतं आणि लोणी आंबतं.

मात्र लोणी बिघडतं दोन तऱ्हांनी, आणि दोन्हींची खूण वेगळी असते. ठेवलेलं जुनं लोणी हवेनं बिघडतं, खवट होतं. ती खूण आयोडीनच्या परीक्षेत दिसते. मोकळ्या आम्लाची परीक्षा निराळी. लोणी स्पिरिटात विरघळवायचं, दोन थेंब रंगाचे टाकायचे आणि सोड्याचं पातळ पाणी थेंबाथेंबानं सोडायचं. आम्ल संपलं की सगळं गुलाबी होतं.

झेनाबूच्या गोळ्याला नऊ थेंब लागले. डब्यातल्या लोण्याला चौतीस.

आयोडीनच्या परीक्षेत मात्र डब्यातलं लोणी अगदी स्वच्छ निघालं, हवेनं बिघडल्याची खूण नावालाही नाही. म्हणजे लमिसीनं जुनं लोणी मिसळलेलं नव्हतं. भोपळ्यातल्या मुठीलाही चौतीसच थेंब लागले, म्हणजे डबे बदललेले नव्हते. घुसळलं त्या दिवशीच लोणी असं होतं. मग मी तळ्याचं गढूळ पाणी घेऊन झेनाबूच्याच बियांचं वाटीभर लोणी काढलं आणि दोन दिवस ठेवलं. दहा थेंब. पाण्याचाही दोष नव्हता.

उरल्या बिया.

बीमधलं तेल आपल्यासाठी नसतंच मुळी. ते पोटातल्या अंकुराचं दूध असतं. ऊब आणि ओल मिळाली की बीला वाटतं, वेळ झाली. आणि ती स्वतःचं तेल तोडून अंकुराला भरवू लागते. जुड्या सुटतात त्या अशा. त्यासाठीच वेचलेली बी लगेच उकळायची असते, म्हणजे ते आतलं तोडणं थांबतं. एकदा सुटलेली जुडी पुढं ऊन दाखवून, भाजून, कितीही घुसळून परत बांधता येत नाही.

गुरुवारी दुपारी मी गटाच्या कोठारात गेले. रिकाम्या गोणींच्या तळाशी मूठभर बिया शिल्लक असतात. त्या गोळा करून दारातल्या उजेडात एकेक बघितली. वाळलेल्या, तपकिरी, दिसायला छान. पण टोकाशी नखाएवढी काळी जागा होती, आणि तिच्या मधोमध सुई जाईल एवढं भोक. कोंब तिथून आला होता आणि नंतर मोडून गेला होता.

दहांतल्या सात बियांना ते भोक होतं.

गोणीच्या तोंडाला प्रत्येक बाई आपल्या लुगड्याची चिंधी बांधते, म्हणजे माल कुणाचा ते कळतं. या चिंधीवर निळे पट्टे होते. तेच लुगडं अंगाखाली घेऊन मी लहानपणी झोपत असे.

५

पण मग वाफेचं काय?

आत्यानं आठ दिवस बिया उकळल्या होत्या, तर कोंब यायला नको होते. आणि सगळ्या गावानं पाहिलं म्हणजे सगळं गाव खोटं कसं बोलेल?

तियुंबाला दुपारी दूध पाजताना मला एकदम तो जून आठवला. मी बाळंतीण होते. आत्या मला सकाळ-संध्याकाळ कढत पाण्यानं शेकायची, कडुलिंबाचा पाला बुडवून पाठीवर, पोटावर मारायची; मी ओरडायचे, आणि ती म्हणायची, "ओरड, ओरड, बाळंतवात निघून जाऊ दे." बाहेर पाऊस लागून राहिला होता. पाणी यायचं ते स्वच्छ, पाल्याचा हिरवा वास असलेलं.

स्वच्छ.

शियाच्या बिया उकळल्या की भांड्याला तपकिरी चिकट लेप बसतो. तो घासायला अर्धा दिवस जातो, आणि तरी दोन दिवस त्या पाण्याला वास येतो. आत्याकडे मोठं भांडं एकच. हंगामात शेजारणीकडून मागायची सोय नसते, सगळ्यांची भांडी चुलीवरच असतात. माझं पाणी आठही दिवस त्याच भांड्यात तापलं होतं, आणि एकदाही तपकिरी नव्हतं.

गावानं पाहिलेली वाफ खरी होती. ती बियांची नव्हती, एवढंच. ती माझ्या अंघोळीची होती.

आत्या अंगणात अयोयोच्या भाजीची पानं निवडत होती. मी चिंधी तिच्यापुढं ठेवली. तिनं पान खाली टाकलं नाही, हातातच धरून ठेवलं.

"कळलं वाटतं," ती म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?"

"नवव्या दिवशी न उकळलेल्या बियांचा ढीग उपसला तेव्हा दिसलं. पांढरे कोंब, बाळाच्या दातासारखे. झटकले आणि उकळल्या. वाटलं, उन्हानं सुधारतील. आजवर माझ्या बियांना कुणी नाव ठेवलं नव्हतं गं."

"मग त्या दिवशी साहेबांपुढं का नाही बोललीस?"

"काय बोलू? घरात लेकरू आलं म्हणून बिया गेल्या, असं? आपल्या घरात पाळलेली गोष्ट आहे ही. मूल आलं त्या आठवड्यातलं नुकसान तोंडी आणायचं नाही. ते मुलाच्या पाठीला चिकटतं. जन्मभर म्हणतात, ही आली आणि हे बुडालं."

"म्हणून लमिसीच्या पाठीला चिकटलेलं चालतं?"

तिनं मान वर केली. मी तिच्याशी असं कधी बोलले नव्हते. तिचे डोळे भरले नाहीत, पण तिचा चेहरा एकदम खूप म्हातारा दिसला. ज्या हातांनी मला दोनदा वाढवलं, एकदा लेक म्हणून आणि एकदा बाळंतीण म्हणून, ते हात मांडीवर नुसते पडले होते.

"उद्या नमाजानंतर सगळ्या जमतील," ती म्हणाली. "तेव्हा मीच सांगते. आजचा दिवस दे मला."

मी दिला.

लमिसीची खोली तिथून दोनशे पावलांवर होती. जाऊन एवढंच सांगायचं होतं, की तू सुटलीस. पण मग तिनं विचारलं असतं, कुणी केलं? आणि आत्याच्या आधी आत्याचं नाव माझ्या तोंडून गेलं असतं. मनाशी म्हटलं, एका दिवसानं काय बिघडतंय. बियांचं तेल किती दिवसांत तुटतं ते मला पाठ होतं. माणसाचं काही ठाऊक नव्हतं.

६

शुक्रवारी कडुलिंबाखाली एकवीस जणी जमल्या. लमिसीची जागा रिकामी होती.

"घाबरली असेल," झेनाबू म्हणाली. "मी आणते ओढून."

ती गेली आणि एकटीच परत आली. पहिल्यांदाच तिचा आवाज मला कान देऊन ऐकावा लागला. "खोलीला कुलूप नाही. आत काही नाही. तिचा दीर म्हणतो, तो शेतावर गेला तेवढ्यात सकाळच्या लॉरीनं गेली. पोरींना घेऊन."

कळायला वेळ लागला नाही. दुपारी निकाल लागला असता तर दिरांनी मुली ठेवून घेतल्या असत्या. तिनं निकालाची वाट पाहिली नव्हती. निकाल काय लागणार याबद्दल तिला शंकाच नव्हती.

आत्या उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं. भांडं, पाणी, कोंब, तिचं गप्प बसणं. माझ्या बाळाचं नाव मात्र घेतलं नाही. ते मी घेतलं. "तियुंबा जन्मली त्या आठवड्यात," मी म्हणाले, आणि कुणीही तिच्याकडे वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. उलट एकीनं तिला माझ्या पाठीवरून सोडवून मांडीवर घेतलं.

"अगं, एवढंच सांगायचं होतंस ना, अझारा," सगळ्यांत वयस्कर बाई म्हणाली. "बाळंतिणीला पाणी हवंच. आम्ही काय खाल्लं असतं तुला?"

आत्यानं मागाझियाची ओढणी काढून तिच्यासमोर ठेवली. कुणी घे म्हणालं नाही, नको म्हणालं नाही. झेनाबू तोंड फिरवून बसली होती. तिचे खांदे हलत होते.

इद्रिसुसाहेबांना मी कळवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ते डबे साबणाला द्या, ट्रक येईल. त्यांच्या बाजूनं प्रकरण मिटलं.

शनिवारी आत्या गारूच्या लॉरीत बसली. एकटीच जाते म्हणाली. चार दिवसांनी ती आली, पायावर धूळ, आणि तिच्या मागं कुणी नव्हतं. मी पाण्याची वाटी पुढं केली. ती सगळं पाणी प्यायली.

"भेटली?"

"भेटली. भावाच्या घरी आहे. बसायला दिलं, पाणी दिलं. पोरींना माझ्यापुढं गुडघ्यावर बसून नमस्कार करायला लावलं. मी चूक सांगितली तर म्हणाली, मागाझिया, ज्यांच्या घरी बाळ येतं त्यांच्याकडून असं होतं."

"परत ये म्हणालीस?"

"म्हटलं. तुझ्या दिरांशी मी बोलते, मुलींना कुणी हात लावणार नाही, असंही म्हटलं. ती म्हणाली, मी इथं बरी आहे." आत्यानं पायावरची धूळ झटकली. "रागावली नव्हती गं ती. रागावली असती तर मी हाताला धरून आणली असती."

"माझ्याबद्दल काही म्हणाली?"

आत्याला ते सांगायचं नव्हतं. पण या घरात गप्प बसून काय होतं ते आम्ही दोघींनी नुकतंच पाहिलं होतं.

"म्हणाली, शेतू चांगली आहे. ती एकटीच माझ्याकडे आली, नीट बसून विचारलं. मी तिला पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं. तिला ते बाटलीनं सांगितल्यावर पटलं."

बाहेर कुणीतरी मुलांना जेवायला हाक मारत होतं. आत्यानं वाटी पालथी घातली आणि तिथंच, भिंतीला टेकून, डोळे मिटले. मी तिच्याजवळ बसले. गारूची पुढची लॉरी शनिवारी होती. त्या लॉरीत बसून जावं आणि लमिसीच्या दारात उभं राहून काय म्हणावं, याचा मी विचार करत राहिले, पण जे वाक्य सुचे ते मी तिला पहिल्याच दिवशी, काही न तपासता, देऊ शकले असते.